हात बिघडला नाही गं, हवा बदलली

आलेलं पत्र, थोडक्यात:

"मावशी, अकरा वर्षं नाशिकला राहून आम्ही यंदा मार्चमध्ये रत्नागिरीला सासरच्या घरी राहायला आलो, सासूबाई एकट्या होत्या म्हणून. नाशिकला माझं बेकिंग आणि भरतकाम दोन्ही मस्त चाललं होतं. इथे सगळंच बिघडलंय. मे महिन्यात ब्रेड आंबट होऊन खाली बसला, नानकटाई ट्रेमध्ये पसरून एकच पोळी झाली, आता पावसात कुकीज दुसऱ्या दिवशी मऊ. भाचीच्या बाळाचं झबलं-टोपरं भरायला घेतलंय ते अर्धवट पडलंय, हाताला घाम येतो, संध्याकाळी टाके दिसत नाहीत, आणि परवा बघितलं तर सुई टोचून ठेवली होती तिथे तांबूस डाग. सासूबाई म्हणतात एवढ्या उकाड्यात भट्टी कशाला पेटवायची. मैत्रीण म्हणते दिवाळीच्या ऑर्डरी घे. मला वाटायला लागलंय माझा हातच गेला, दोन्हीतलं एक सोडून द्यावं. कुठलं सोडू? ता. क. झबल्याला तुपाचं बोटही लागलंय, निघेल का?"
— रत्नागिरीहून एक वाचक

अगं, तू मावशी म्हटलंयस म्हणून सरळ अगंतुगंच करते.

कुठलंही सोडू नकोस. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला एकच दिसलं की तू नाशिकचा हात घेऊन रत्नागिरीच्या हवेत काम करतेयस. नाशिकचा हिवाळा आठव ना, निफाडला पारा उतरल्याच्या बातम्या येतात, हवा कोरडी ठणठणीत, बिस्किटं चार दिवस उघडी राहिली तरी कुरकुरीत. आणि आता तू बसलीयस समुद्राकाठी, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे, मीठसुद्धा बरणीत ओलं होतं, मग कुकी मऊ पडली तर त्यात तुझं काय चुकलं? अकरा वर्षांचा हात पाच महिन्यांत जात नाही गं. माप तेच राहिलं आणि हवा बदलली एवढंच झालंय, आणि माप बदलता येतं.

आधी मे महिन्याचं बोलू, कारण तुझं मन तिथेच मोडलंय असं वाटतं. ब्रेड आंबट झाला आणि बसला म्हणजे पीठ गरजेपेक्षा जास्त फुगलं. यीस्टला २५ ते ३० अंश हवा फार आवडते, त्याच्या वर गेली की ते धावत सुटतं. नाशिकला जानेवारीत तू पीठ दोन-अडीच तास ठेवत असशील, कदाचित ओव्हनचा दिवा लावून आत ठेवत असशील, तेच पीठ रत्नागिरीत मे महिन्यात पाऊण तासात दुप्पट होतं आणि तू घड्याळ बघून दोन तासांनी गेलीस की संपलं. घड्याळ बघायचं नाही, पीठ बघायचं. बोटाला मैदा लावून पिठात हलकेच दाबायचं, खळगा हळूहळू वर आला आणि थोडीशी खूण राहिली तर तयार, लगेच टुणकन वर आला तर अजून वेळ आहे, आणि वर आलाच नाही तर उशीर झाला. उन्हाळ्यात यीस्ट निम्मं कर, पाणी माठातलं नाहीतर सरळ फ्रीजमधलं घे, आणि मला विचारशील तर रात्री मळून झाकून फ्रीजमध्येच ठेव, रात्रभर सावकाश फुगतं, चवही जास्त चांगली येते, पहाटे बाहेर काढून आकार द्यायचा, पुन्हा जरा फुगू द्यायचं आणि सातच्या आत भाजून मोकळं. सासूबाईंचं म्हणणं इथे मला पटतं बरं का, कोकणातल्या मे महिन्यात दुपारी दोनला ओव्हन लावणं म्हणजे घरातल्या सगळ्यांना शिक्षा, त्यांना उकडतंय म्हणून त्या बोलतात, तुझ्या छंदावर त्यांचा राग असेल असं मला वाटत नाही.

नानकटाईचं तर अगदी सोपं आहे. लहानपणी आम्ही सुट्टीत तूप, पिठीसाखर, मैदा घेऊन भट्टीवर जायचो, बेकरीवाल्याकडून पत्रे घ्यायचे, बायका तिथेच बसून गोळे वळायच्या, प्रत्येकीच्या पत्र्यावर नावाची चिठ्ठी, आणि मग रांगेत उभं राहून वास घेत थांबायचं आणि येताना पत्र्याचा डबा दोघींनी कडी धरून आणायचा. आई तूप परातीत घेऊन तळहाताने फेसायची, गोल गोल, एकाच दिशेने, पिवळसर रवाळ तूप हळूहळू पांढरं होत जायचं आणि हाताला अगदी हलकं लागायचं, मग त्यात साखर. तिचा हात त्या तुपात थांबायचाच नाही, गप्पा चालू, हात चालू. आता हे जे फेसणं आहे ना ते थिजलेल्या तुपाचंच होतं. तुझ्याकडे मे महिन्यात तूप म्हणजे तेल झालेलं असणार, ते कितीही घोटलं तरी त्यात हवा धरत नाही, आणि मग ट्रेमध्ये पसरणारच. तर तूप आधी फ्रीजमध्ये ठेवून श्रीखंडाएवढं घट्ट होऊ दे. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, त्यात दोन-तीन चमचे बेसन आणि तेवढाच बारीक रवा, वेलची-जायफळ. गोळे वळून झाले की सगळा ट्रे अर्धा तास फ्रीजमध्ये, आणि गार ट्रे तसाच १६० अंशाला तापलेल्या ओव्हनमध्ये. कडा धरल्या की झालं, रंग जास्त चढू द्यायचा नाही. बाहेर काढल्यावर मऊ लागते म्हणून परत आत घालू नकोस, गार झाली की ती आपोआप खुसखुशीत होते.

आता चालू पावसाचं. पावसाळ्यात कुरकुरीत गोष्टींच्या मागे लागूच नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. झालीच इच्छा तर थोड्याच कर, पूर्ण गार झाल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भर, कोमट असताना भरल्या तर स्वतःच्याच वाफेने मऊ होतात. आणि मऊ झालेल्या टाकून देऊ नकोस, १५० अंशाला पाच-सात मिनिटं परत शेकायच्या आणि पूर्ण गार करायच्या, परत कुरकुरीत. मैदा आणि कणीकसुद्धा या दिवसांत हवेतला ओलावा ओढतात त्यामुळे नेहमीच्या मापातलं दोन चमचे पाणी बाजूला काढून ठेव, लागलं तरच घाल. मेरिंग, म्हणजे अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेसून भाजतात ते, असले प्रकार तर दिवाळीनंतरच.

पण खरं सांगू का, तू बिस्किटांसाठी झुरतेयस आणि तुझ्या घरात कोकणातला सगळ्यात छान भाजलेला पदार्थ बसलाय तो तू विचारलेलाही नाहीस. सासूबाईंना तवसाळीबद्दल विचार. त्या कदाचित धोंडस म्हणतील. मोठं जून तवसं, म्हणजे ती पिवळी पडलेली जाडजूड काकडी, श्रावण-भाद्रपदात घरोघरी येते, तिचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ, आणि हे सगळं जाड बुडाच्या पातेल्यात घालून खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. म्हणजे खालून वरून दोन्हीकडून आच, ओव्हन म्हणजे दुसरं काय असतं गं? आपल्या आज्या-पणज्या चुलीवर केक भाजत होत्या आणि आपण बेकिंग शिकायला व्हिडिओ शोधतो. यात अंडं नाही त्यामुळे श्रावणातही चालतं, आणि मुळातच ओलसर पदार्थ आहे त्यामुळे पावसाळी हवेने त्याचं काही बिघडत नाही. साधारण असं घे, दीड वाटी तांदळाचा रवा तुपावर जरा परतून, दोन वाट्या तवशाचा कीस पाण्यासकट, एक वाटी गूळ, अर्धी वाटी खोबरं, सगळं कालवून अर्धा तास मुरू द्यायचं, रवा फुगला आणि घट्ट वाटलं तर थोडं दूध नाहीतर पाणी घालायचं. डब्याला तळाशी हळदीचं पान घातलंस तर वासाने घरभर कळतं. १८० अंशाला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, सुरी घालून बघ. आणि कापायची घाई करू नकोस, गरम असताना कापलंस की भुगा होतो, पूर्ण गार झाल्यावर वड्या नीट पडतात. पण हे माझं माप आहे, सासूबाईंचं वेगळं असेल आणि त्यांचंच वापर. त्या चुलीपाशी बसून सांगतील आणि तू हात चालवशील, त्या दिवशी "भट्टी कशाला" हा विषय घरात निघणार नाही.

लाईट गेली तर काय करायचं हेही सांगते कारण पावसात तुमच्याकडे ती जातेच. केक अर्धा भाजलेला असताना ओव्हन बंद पडला तर दार उघडायचं नाही, आतली उष्णता बराच वेळ टिकते. लांबणार असं वाटलं तर कुकरमध्ये हलव. त्यासाठी कुकरच्या तळाला दोन वाट्या मीठ, त्यावर छोटी ताटली, शिट्टी आणि रबर दोन्ही काढलेली, पाणी अजिबात नाही, दहा मिनिटं तापवून मग भांडं आत आणि गॅस बारीक. मीठ नंतर डब्यात भरून ठेव, पुढच्या वेळी तेच.

आता भरतकाम. झबल्यावरचा डाग वाचून मला माझाच एक उशीचा अभ्रा आठवला. पांढऱ्या पॉपलीनवर मोगऱ्याची वेल भरत होते, आषाढात पाहुणे आले, सुई तशीच पाकळीत टोचून कापड ताणायच्या रिंगसकट कपाटात ठेवली ती तीन आठवडे. काढली तेव्हा पाकळीच्या मधोमध मसुराएवढा गंजाचा ठिपका. रडूच आलं मला. लिंबू-मीठ लावून बघितलं, फिकट झाला पण गेला नाही, शेवटी त्या जागी फिक्या पिवळ्या दोऱ्याने गाठीचे टाके घातले, फुलाचा परागकोश झाला, आणि मग बाकीच्या फुलांनाही घालावे लागले. अजून वापरात आहे तो अभ्रा. तुझ्या झबल्याचा डाग कोऱ्या कापडावर असेल तर लिंबाचा रस आणि मीठ लावून तासभर ठेव आणि साध्या पाण्याने भरपूर धू, पण रंगीत दोऱ्याच्या जवळ असेल तर आधी त्या दोऱ्याचा तुकडा लिंबात भिजवून पांढऱ्या कापडावर दाबून बघ रंग सुटतो का ते. सुटला तर लिंबाच्या वाटेला जाऊ नकोस, सरळ त्यावर एक छोटं फूल भर. बाळाच्या झबल्यावर एक फूल जास्त झालं तर कोण विचारणार आहे.

यापुढे पावसाळ्यात काम थांबवलं की दोन गोष्टी करायच्याच, सुई कापडातून काढायची आणि रिंग सैल करायची. रिंग तशीच आवळून ठेवली तर गोल चुणी पडते आणि त्या चुणीत मळ बसतो, तो पुढे धुऊनही लवकर निघत नाही. सुया कोरड्या डब्यात, टाल्कम पावडरीत ठेवल्या तरी चालतात, नवीन बुटांच्या खोक्यात त्या ओलावा ओढणाऱ्या पुड्या येतात ना त्या फेकू नकोस, दोऱ्याच्या डब्यात टाक. दोरा कोपरापासून बोटापर्यंत एवढाच तोड, दमट हवेत लांब दोरा लवकर पिंजारतो. सहा पदरांतले झबल्याला दोनच पदर घे. हाताला घाम येतो तेव्हा पावडर लाव, मांडीवर एक जुना पंचा ठेव आणि दर थोड्या वेळाने बोटं पूस.

उजेडाचं मात्र ऐक. आषाढ-श्रावणात तुमच्याकडे भर दुपारीसुद्धा घरात संध्याकाळ असते, अशा उजेडात बारीक काम करून डोळे खराब करू नकोस. तुझं झबलं सकाळी दहा ते बाराच्या मध्ये, ओटीवर किंवा खिडकीशी, रोज अर्धा तास. उरलेल्या वेळी हाताला काहीतरी हवं असेल तर गोधडी घे. सासूबाईंच्या जुन्या सुती साड्या असतीलच, चार थर, जाड दोरा, मोठा धावदोरा, ते काम हात नुसतं चाचपून करतात, पाऊस बघत बघत होतं. किंवा मॅटीवर, म्हणजे त्या चौकोनी घरांच्या जाड कापडावर, मोठा फुलीचा टाका, घरं मोजायची, चुकायला फार जागा नाही.

गणपती उरकले आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की सगळं भरलेलं कापड बाहेर काढ, धुऊन सावलीत वाळव, उलटी बाजू वर करून खाली जाड टॉवेल घालून इस्त्री कर म्हणजे टाके चेपत नाहीत. आत्ता पावसात शक्यतो धुऊ नकोस, दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास बसतो.

आणि मग तुझा हिवाळा येईल. नाशिकसारखा कडाका तुला मिळणार नाही पण डिसेंबर-जानेवारीत कोकणात हवा कोरडी आणि सुखाची होते, तेव्हा कुकीज कर, बटर लावून घड्या घालायचे प्रकार कर, ब्रेडला पुन्हा तुझं जुनं माप जवळपास लागू पडेल. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात येते, तिचा जॅम करून छोटे टार्ट कर. पांढऱ्यावर पांढरं असं नाजूक भरतकाम याच दिवसांत, कारण हाताला घाम नसतो. संक्रांतीला काळ्या चंद्रकळेची हौस असेल तर कर्नाटकी कशिदा, म्हणजे कसुती, करून बघ, तो आपल्या शेजारच्या धारवाडकडचा, गवंती, मुरगी, नेगी, मेंथी असे त्याचे चार टाके. गवंतीत एकदा धावदोरा घालत जायचं आणि परत येताना मोकळ्या जागा भरायच्या, गाठ मारायचीच नाही, त्यामुळे पाठपोट सारखं दिसतं. काळ्या कापडावर भोकं दिसत नाहीत तेव्हा मांडीवर पांढरा रुमाल पसरून ठेव, लगेच दिसायला लागतात. साडीच भरायला हवी असं काही नाही, ब्लाऊजची बाही पुरे.

उन्हाळ्यात परत पहाटेचा ओव्हन आणि दुपारचं भरतकाम, हापूसचा रस आणि रवा घालून केक कर, त्याला बटर फेसायची भानगड नाही. कापड रंगीत घे म्हणजे घामाचं टेन्शन नाही.

एक सोडू का म्हणून विचारलंस त्याचं उत्तर खरं तर याच्यातच आहे, ही दोन कामं एकमेकींच्या वेळेत बसतात. पीठ फुगतंय तेवढ्यात एक फूल होतं, तवसाळी गार होतेय तेवढ्यात दोन पानं. फक्त मधे साबणाने हात धुवायचे, हे तुला आता सांगायला नको.

ऑर्डरींचं मला विचारशील तर यंदा नको. नवीन गाव, नवीन हवा, आधी एक अख्खं वर्ष स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी कर, कुठल्या महिन्यात काय जमतं ते वहीत लिहून ठेव. लोकांकडून पैसे घेतले की मऊ पडलेली नानकटाई हसत हसत चहात बुडवून खाता येत नाही, आणि विकायचं म्हटलं की एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणीही करावी लागते. पुढच्या दिवाळीला वाटलं तर जरूर घे. भाचीला मात्र आजच फोन करून सांग की झबलं बारशाऐवजी उष्टावणाला मिळेल, आणि बाळ वाढणार म्हणून माप एक बोट मोठं धर.

तुपाच्या डागाचं राहिलं. अजून धुतलं नसशील तर बरं, आणि गरम पाणी तर लावूच नकोस. डागावर बेसन किंवा टाल्कम पावडर जाडसर पसर, वर एक जड पुस्तक ठेव, रात्रभर राहू दे, सकाळी झटकून टाक. मग भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब डागाच्या पाठीमागून बोटाने हलके चोळ, टाक्यांवर ब्रश फिरवू नकोस, गार पाण्याने धू आणि टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढ, पिळायचं नाही. या हवेत पंख्याखाली आडवं पसरूनच वाळव. वाळल्यावर उजेडात धरून बघ, सावली दिसली तर परत बेसन.